बँकेनं पाहिलंय ना?

घर घ्यायला निघालेली माणसं माझ्यासमोर येऊन बसली की बोलणं लवकरच एका वाक्यापाशी पोचतं. "ताई, बँकेनं सगळं पाहिलंय. कर्ज मंजूर झालंय. तुम्ही फक्त एकदा नजर टाका." सांगणारा निर्धास्त असतो. मंजुरीपत्र फायलीत सगळ्यात वर लावलेलं असतं, आणि पुष्कळदा नातेवाइकांना फोनही करून झालेले असतात. मी रायपूरला वकिली करते आणि बँकांसाठी मालमत्तेचे शोध अहवालही लिहिते. म्हणजे ज्या पाहण्यावर ही मंडळी विसंबलेली असतात, ते पाहणं बऱ्याचदा माझं किंवा माझ्यासारख्याच दुसऱ्या कुणाचं असतं. म्हणून मी ठामपणे सांगू शकते की बँकेचा वकील बँकेसाठी पाहतो.

अहवाल बँकेच्या नावानं लिहिलेला असतो. त्याची फी बहुतेक वेळा कर्जदाराकडून वसूल होते, पण प्रत त्याच्या हातात पडेलच असं नाही. ती मागावी, काही शाखा देतात. बँकेला जाणून घ्यायचं असतं ते इतकंच, की दिलेले पैसे परत येतील का. त्यासाठी घर हा तिचा एक आधार. पगार दुसरा, सहकर्जदार तिसरा, जामीनदार चौथा. उद्या त्या जमिनीवर कुणी दावा लावला आणि तो जिंकला, तर बँकेच्या आधारांतला एक जातो. घेणाऱ्याचं मात्र घर जातं आणि हप्ता राहतो. विक्रीचा व्यवहार वेगळा, कर्जाचा करार वेगळा. पहिला कोसळला म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही. हे ऐकताना समोरच्यांचे चेहरे उतरतात, हे मला दिसतं. तरी मी ते सांगते, कारण बयाना देण्याआधी उतरलेला चेहरा सावरता येतो.

आमच्याकडे पुण्या-नागपूरचे नातेवाईक घरखरेदीत सल्ला द्यायला उत्साहानं येतात आणि पहिल्यांदा सातबारा मागतात. इथं तो नसतो. इथं बी-वन आणि पी-टू. बी-वनमध्ये खातेदार आणि त्याच्या नावावरच्या सगळ्या जमिनी, पी-टूमध्ये एकेका खसऱ्याची, म्हणजे क्रमांक दिलेल्या जमिनीच्या तुकड्याची, हकीकत. 1956 पर्यंत रायपूर नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतं, मग मध्य प्रदेशात गेलं, 1 नोव्हेंबर 2000 पासून छत्तीसगडमध्ये. 1959 ची भू-राजस्व संहिता मात्र नाव बदलून पुढं चालूच राहिली. आता 'भुइयां' पोर्टलवर हे उतारे घरबसल्या दिसतात, आणि तिथंच माणसं फसतात. ती नाव बघतात, रकबा बघतात आणि पान बंद करतात. मी आधी कैफियतीचा रकाना वाचते.

त्या अरुंद रकान्यात पटवाऱ्यानं दोन-चार शब्द टाकलेले असतात. कधी 'बंधक', म्हणजे आधीच्या मालकाचं शेतीकर्ज अजून उभं आहे. कधी 'शासकीय पट्टा' आणि शेजारी 'अहस्तांतरणीय'. सरकारनं भूमिहीनाला दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. संहितेच्या कलम 165 मध्ये ते स्पष्ट आहे. त्याच कलमानुसार आदिवासी भूमिस्वामीची जमीन अनुसूचित क्षेत्राबाहेरही बिगर-आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. रायपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून इथं हा प्रश्न उद्भवत नाही, असं सांगणारे दलाल मला भेटलेले आहेत. उद्भवतो. आज विकणारा गुप्ता असो की देशमुख, त्याच्या आधीच्या आणि त्याच्याही आधीच्या नावांपर्यंत जावं लागतं. मधल्या एका विक्रीला परवानगी नसेल, तर पुढची सगळी साखळी पोकळ ठरू शकते. त्या मूळ मालकाच्या बाजूनं कायदा उभा आहे हे मला मनापासून योग्य वाटतं. घर घेणाऱ्यानं ते वेळेत तपासलं पाहिजे, एवढंच.

रायपूरच्या वेशीवरचा सगळ्यात अवघड प्रश्न मात्र वेगळाच आहे. तो बटांकनाचा.

एक जोडपं आलं होतं. तो सिलतऱ्याला कारखान्यात, ती शिक्षिका, माहेर अमरावतीकडचं. बाराशे चौरस फुटांवरचं बांधलेलं घर, दुसऱ्या मालकाकडून घ्यायचं होतं. कर्ज मंजूर होतं. बँकेच्या अहवालात खोटं एक अक्षर नव्हतं : विकणाऱ्याच्या नावावर रजिस्ट्री होती, आधीच्या दस्तांची साखळी जुळत होती, बोजा नव्हता. मी विक्रय पत्राची चौहद्दी उघडली. पूर्वेला रस्ता. पश्चिमेला 'विक्रेता की शेष भूमि'. उत्तरेला 'विक्रेता की शेष भूमि'. दक्षिणेलाही तेच. खसरा क्रमांकापुढं 'का भाग' एवढंच. म्हणजे एका मोठ्या शेतातला बाराशे फुटांचा तुकडा विकला, पण तो त्या शेतात नेमका कुठं, हे कागदावर कुठंच नव्हतं. खसऱ्याचे भाग पाडून त्यांना नवे क्रमांक द्यायचे आणि ते नकाशावर उतरवायचे, हे बटांकन. ते झालेलंच नव्हतं.

मी पंजीयन, म्हणजे नोंदणी, कार्यालयातून त्या खसऱ्यातल्या आजवरच्या सगळ्या विक्रींची यादी काढली आणि शेजारी रकबे मांडत गेले. जोडपं समोरच बसलं होतं. बेरीज शेताच्या मूळ रकब्याच्या पुढं गेली. जेवढी जमीन होती, त्याहून जास्त विकली गेली होती, आणि जवळपास प्रत्येक दस्तात चौहद्दी तीच : एका बाजूला रस्ता, तीन बाजूंना विक्रेत्याची उरलेली जमीन. ती म्हणाली, "पण ताई, घर तर तिथं उभं आहे. आम्ही आत जाऊन आलो." घर उभं होतंच. कुणाच्या जमिनीवर, हा प्रश्न होता. विकणाऱ्याला सीमांकनाचा अर्ज करायला लावला. राजस्व निरीक्षक आणि पटवारी जागेवर आले, मोजणी झाली. स्वयंपाकघर आणि मागची न्हाणी शेजारच्या खसऱ्यात निघाली.

त्यांनी ते घर घेतलं नाही. बयाना परत मिळाला, तोही सरळपणे नाही, नोटीस द्यावी लागली. मिळाला तो इकरारनाम्यात आधीच लिहिलेल्या एका वाक्यामुळं : स्वामित्व किंवा सीमा निर्दोष न निघाल्यास घेतलेली रक्कम परत करीन. अशा वाक्याशिवाय बयाना देऊ नये, असं मला आग्रहानं म्हणायचं आहे. त्याला जोडूनच दुसरं वाक्य हवं : बँकेनं कर्ज नाकारलं किंवा कमी दिलं तरीही रक्कम परत. कर्ज न मिळणं हा खरेदी न करण्याचा कायदेशीर बहाणा आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. करारात लिहिलेलं नसेल तर ठरल्या तारखेला पैसे न आणणारा आपणच ठरतो आणि बयाना जप्त होऊ शकतो. कर्ज कमी मिळण्याचा संभवही खराच असतो. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते, त्यापुढं 75 लाखांपर्यंत 80, त्याहून वर 75 टक्के. आणि दहा लाखांहून महाग घरांच्या बाबतीत मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरलाच जात नाही. मूल्यांकन करणाऱ्याचा आकडा सौद्याच्या आकड्याहून खाली आला तर मधली दरी आपल्या खिशातून भरायची. रोखीनं 'वरचे' देण्याची बोली तर करूच नये. ते पैसे दस्तात नसतात. वाद झाला की ते दिल्याचं सिद्ध करणं जवळपास अशक्य, शिवाय स्थावर मालमत्तेपोटी वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्यावर आयकर खात्याचा दंड बसतो.

वेशीवरच्या प्लॉटबद्दल आणखी थोडं. पाच डिसमिलपेक्षा, म्हणजे 2178 चौरस फुटांपेक्षा लहान तुकड्यांच्या रजिस्ट्रीवर इथं बंदी होती, ती 2019 च्या सुरुवातीला उठली आणि 2025 मध्ये शेतजमिनीपुरती पुन्हा आली. रजिस्ट्री झाली म्हणजे कॉलनी वैध झाली, असं या सगळ्या काळात कधीच नव्हतं. डायव्हर्शनचा, म्हणजे शेतजमीन बिगरशेती केल्याचा, आदेश, नगर तथा ग्राम निवेश कार्यालयानं मंजूर केलेला अभिन्यास आणि कॉलनी विकासाची परवानगी, हे तिन्ही कागद हवेत. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी प्लॉटिंग किंवा आठांहून जास्त सदनिका असतील तर रेरा नोंदणीही. बिल्डरनं नोंदणीकृत करार न करता दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेतली, तर तिथंच रेरा कायद्याचा भंग झाला. हे एवढं तपासायला संगणकापुढं अर्धा तास पुरतो.

आता कर्जाच्या गाभ्याकडं. गृहकर्जात बँकेकडं आपण जे गहाण टाकतो, त्यासाठी बहुतेक वेळा वेगळं नोंदणीकृत गहाणखत होत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात मूळ दस्त सावकाराच्या हाती सोपवून केलेलं गहाण मान्य आहे. शाखेत जाऊन विक्रय पत्र टेबलावर ठेवलं की गहाण पूर्ण झालं. याचा एक परिणाम खरेदीदाराच्या लक्षात येत नाही : पंजीयन कार्यालयात तीस वर्षांचा शोध घेतला तरी असं गहाण दिसेलच असं नाही. ते दोनच ठिकाणी सापडतं. एक म्हणजे विकणाऱ्याच्या कपाटात, जिथं मूळ दस्त नसतो. आणि दुसरं सरसाई या संस्थेच्या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत. ही नोंदवही 31 मार्च 2011 ला सुरू झाली, आणि थोडं शुल्क भरून कुणालाही त्यात शोध घेता येतो. त्याआधी एकाच घरावर बनावट दस्तांनी दोन-तीन बँकांचं कर्ज काढणं सोपं होतं. म्हणून मी पहिल्याच बैठकीत मूळ दस्त बघायला मागते. छायांकित प्रत नको, मूळ. "लॉकरमध्ये आहे", "भावाकडं रायगडला आहे", "हरवला" यांपैकी कोणतंही उत्तर आलं की व्यवहार तिथंच थांबवायचा. खरोखर हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, प्रमाणित प्रत आणि सरसाईचा शोध, एवढं होईपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही.

विकणाऱ्याचंच कर्ज बाकी असेल तर घाबरण्याचं कारण नाही. उलट असं घर मला बरं वाटतं, कारण मूळ दस्त कुठं आहे ते निश्चित माहीत असतं. त्याच्या बँकेकडून दोन पत्रं घ्यायची : बाकी रकमेचं आणि जमा दस्तांच्या यादीचं. आपल्या बँकेचा पहिला धनादेश विकणाऱ्याच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्याच्या नावानं काढायचा. दस्त एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातील. विकणारा म्हणाला की "मला द्या, मी भरतो", तर नम्रपणे नाही म्हणायचं.

जुन्या वस्तीत, तात्यापारा-ब्राह्मणपाऱ्याकडं, प्रश्न वेगळे. तिथं पहिल्यांदा विचारायचं : जमीन नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी, आहे का, पट्टा कुणाच्या नावावर आणि त्याचं नूतनीकरण झालंय का, की ती मालकी हक्कात बदलून घेतलीय? त्यानंतर घरातल्या लेकींबद्दल. मराठी कुटुंबांत हा विषय काढला की खोलीतली हवा बदलते. "बहिणींचं लग्न झालंय, नागपूरला असतात, त्या काही मागत नाहीत," असं भाऊ सांगतो. त्या मागत नाहीत हे त्यांनी स्वतः, नोंदणीकृत हक्कत्याग पत्रावर सांगायला हवं. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानंच सहदायाद आहे आणि त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात पक्कं केलं. बहिणींच्या सह्यांसाठी मी व्यवहार महिनोन् महिने अडवून धरलेला आहे. भाऊ रागावले. त्यातली एक बहीण सही करायला आली तेव्हा कागद वाचून म्हणाली, "मला हे कुणी विचारतंय, हे पहिल्यांदाच होतंय." तिनं सही केली. ती तिची मर्जी. विचारणं मात्र झालंच पाहिजे होतं.

नामांतरण झालंय म्हणजे मालकी सिद्ध झाली, हाही समज काढून टाकावा. महसुली नोंद ही सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी असते. तिनं हक्क मिळतही नाही आणि जातही नाही, असं सर्वोच्च न्यायालय पुन्हा पुन्हा सांगत आलंय. 2025 पासून छत्तीसगडमध्ये रजिस्ट्रीबरोबरच नामांतरण करण्याचा अधिकार उपनिबंधकांना मिळाला. तहसीलच्या चकरा वाचल्या हे चांगलंच झालं, पण मूळ दस्तातला दोष त्यानं धुतला जात नाही.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात दुखरी जागा नावांची आहे. नवरा-बायको दोघांचा पगार धरून कर्ज मंजूर होतं, बायको सहकर्जदार म्हणून पानापानावर सही करते, आणि विक्रय पत्रात नाव एकट्या नवऱ्याचं. तिला वाटतं, आपण सही केली म्हणजे घर आपलंही. सहकर्जदार होणं म्हणजे संपूर्ण कर्जाची जबाबदारी घेणं. मालकी विक्रय पत्रातूनच येते. घरात तिचा वाटा नसेल तर व्याजावरची आयकर सवलतही तिला नाही. पुढं नवऱ्याचं बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसलं, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार घरात बायको, मुलं आणि सासू यांचे सारखे वाटे पडतात. हप्ता मात्र तिच्या पगारातून जात राहतो. अशी एक विधवा माझ्याकडं आली होती, सोळा वर्षं नोकरी करणारी. सासूबाईंशी तिचं काही वैर नव्हतं, दिरांनी सासूबाईंच्या वाट्यावर बोट ठेवलं होतं. तिच्या हातात मी काय देणार होते? हप्ते तिनं भरल्याच्या नोंदी काढल्या, दिरांशी बसून बोललो, आणि शेवटी सासूबाईंनीच आपला वाटा सुनेच्या नावे सोडला. त्या माउलीचं मन मोठं म्हणून निभावलं. कायद्याच्या आधारावर एवढं मिळालं नसतं. म्हणून विक्रय पत्राचा मसुदा माझ्यापुढं आला की मी बाईकडं वळून विचारते, "तुमचं नाव कुठं आहे?" महिलेच्या नावानं रजिस्ट्री केल्यास इथं मुद्रांक शुल्कात सवलत आहे, हेही सांगते, पुष्कळ नवऱ्यांना ते पटकन पटतं. आणि कर्जाला विमा जोडलेला असेल तर तो दोघांपैकी कुणाच्या जिवावर आहे, हेही त्याच दिवशी बघून ठेवावं.

हप्ते थकले तर काय? त्याबद्दल माणसं विचारत नाहीत, अपशकुन वाटतो. पण 90 दिवस थकलं की खातं अनुत्पादक ठरतं आणि सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) ची नोटीस येते. तीत 60 दिवसांची मुदत असते. माझ्याकडं ही नोटीस पुष्कळदा देवघराच्या खणातून, न फोडलेल्या पाकिटात येते. ते साठ दिवस फार मोलाचे आहेत. लेखी हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. हप्त्यांची फेररचना, घर स्वतः विकून कर्ज फेडणं, हे सगळं तेव्हा शक्य असतं. ताब्याची कारवाई सुरू झाली की 45 दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायचं, आणि छत्तीसगडसाठी ते जबलपूरला आहे. रायपूरच्या माणसाला आपलं घर वाचवायला दुसऱ्या राज्यात जावं लागतं, हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते दर संधीला बोलते. पूर्ण बाकी भरून घर सोडवण्याचा हक्क 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन धावणाऱ्याला उशीर झालेला असतो. आणि मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनी लक्षात घ्यावं : जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, बँक थेट त्याच्याकडंही येऊ शकते.

फिटलेल्या कर्जाचं काम मात्र आनंदाचं, आणि तेच लोक अर्धवट सोडतात. तरत्या व्याजदराच्या कर्जाची मुदतीआधी फेड केली तर वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या आदेशानुसार, 1 डिसेंबर 2023 पासून, पूर्ण फेड झाल्यावर 30 दिवसांत मूळ दस्त परत देणं आणि बोजाच्या नोंदी काढून टाकणं बँकेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवशी 5000 रुपये भरपाई. कर्जदार वारला असेल तर वारसांना दस्त कसे द्यायचे, याची पद्धतही बँकेनं आधीच ठरवून जाहीर केलेली असली पाहिजे. म्हणून दस्त जमा करताना मिळालेली यादी वीस वर्षं जपायची, घरातल्या दुसऱ्या माणसालाही ती कुठं आहे ते सांगायचं. परत घेताना त्या यादीशी एकेक कागद ताडायचा : आपलं विक्रय पत्र, आधीच्या मालकाचं, त्याच्याही आधीचं, डायव्हर्शनचा आदेश. एखादा कमी असेल तर पोचपावतीवरच तसं लिहून मग सही करायची. सरसाईतली नोंद मिटल्याचा उतारा त्याच आठवड्यात मागून घ्यायचा.